तुमचं ‘येतो’ की आमचं?

रस्ता अजून तिथंच आहे. फक्त त्याच्यावर आता झाडं उगवली आहेत.

पाइनची उंच, सडसडीत झाडं. सरळ भागात ती नुसतं रान वाटतात. पण वळणावर आलं की पायांना कळतं, इथली जमीन वेगळी आहे. बाहेरच्या अंगाला ती परातीच्या कडेसारखी वर चढत जाते. गाड्या जोरात वळताना बाहेर फेकल्या जाऊ नयेत म्हणून कुणीतरी तांबडी माती रचून केलेली ती चढण आहे. त्या चढणीवरही झाडं उगवली आहेत आणि खाली वाळलेल्या सुयांचा जाड थर पडला आहे. पाऊल टाकलं की आवाज होत नाही. वास मात्र येतो, कुजलेल्या सुयांचा, चिकाचा आणि त्याखालून येणारा ओल्या तांबड्या मातीचा. लोक कुत्री घेऊन फिरायला येतात. एखादी बाई पळत जाते, तिच्या कानातलं गाणं क्षणभर ऐकू येतं आणि विरतं.

जिथे शर्यत सुरू व्हायची आणि संपायची तिथे एक दगड बसवला आहे. त्यावर जुन्या काळी इथे स्टॉक कार चालवणाऱ्या काही ड्रायव्हरांची नावं कोरली आहेत. खालून दुसरं नाव मिस्टर हॉलिस यांचं. आज सकाळी मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. खोबणीत सुईचा तुकडा अडकला होता, तो काढला.

गेल्या वर्षी वसंतात हा दगड बसवला आणि मिस्टर हॉलिस यांचा सत्कार झाला, त्या दिवशी मी इथे असायला हवा होतो. येतो म्हणालो होतो.

येतो. आमच्या घरात या शब्दाला फार जपायचे. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, मेहकर डेपोत एस.टी.चे ड्रायव्हर होते. मुक्कामी गाडी असली की संध्याकाळी डबा घेऊन निघत. खाकी शर्टाला डिझेलचा वास, हातात किल्ल्यांचा नव्हे तर पितळी डब्याचा आवाज. उंबऱ्यातून म्हणत, “येतो गं.” रात्रभर गाडी कुठल्यातरी दूरच्या खेड्यात मारुतीच्या पारापाशी उभी राही आणि दुसऱ्या दिवशी अप्पा खरंच येत. मी लहानपणी एकदा शाळेला निघताना “जातो” म्हणालो तर आईनं मला दारातून परत बोलावलं, पाटावर बसवलं, घोटभर पाणी पाजलं आणि पुन्हा निघायला लावलं. “जातो नाही म्हणायचं रे राजा. येतो म्हणायचं.” ड्रायव्हरच्या घरात तो शब्द उच्चारायची बंदीच होती.

पुढे मी शिकलो. घरात पदवी घेणारा पहिलाच. त्या पदवीनं मला पुण्याला नेलं आणि दोन हजार एक साली इथे, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला आणून सोडलं. हे मी उपकारासारखं मानत आलो. ज्यांनी ज्यांनी संधी दिली त्यांना नाही म्हणायचं नाही, असं मनाशी धरून मी ऑफिसात वावरलो. यात काही चूक आहे असं कितीतरी वर्षं वाटलंच नाही.

मिस्टर हॉलिस भेटले ते अंड्यांमुळे.

आम्ही नवीन होतो. शनिवारी सकाळी मी आणि वैशाली जुन्या गाडीत बसून उगाच भटकायला जायचो. शहर संपलं की तंबाखूची शेतं, लाकडी कोठारं, चर्चच्या पांढऱ्या पाट्या. अशाच एका रस्त्यावर हातानं रंगवलेली पाटी दिसली, ताजी तपकिरी अंडी. वैशाली ओरडलीच, “अरे थांब थांब! गावरान अंडी!” परदेशात आल्यापासून तिला एवढी खूश झालेली मी पाहिली नव्हती.

ओसरीवर तीन खुर्च्या होत्या. एकीवर एक उंच, वाळका म्हातारा, दुसरीवर त्याची गोरीपान गोल चेहऱ्याची बायको, तिसरीवर मांजर. हे मिस्टर हॉलिस आणि मिस डोरीन. इकडे वडीलधाऱ्यांना आडनावानं हाक मारत नाहीत, नावाच्या आधी मिस्टर किंवा मिस लावतात. आपण काका-काकू लावतो तसंच. ते मला ‘सन’ म्हणायचे. इकडचे म्हातारे आपल्याहून लहान असलेल्या कुणालाही तसंच म्हणतात, हे मला नंतर कळलं. पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा छातीत काहीतरी हललं, ते कळल्यानंतरही तसंच राहिलं.

अंडी अजून उबदार होती. एकाला बारीक पीस चिकटलं होतं. मी पिशवी उचलली आणि निघताना सवयीनं म्हणालो, “ओके मिस्टर हॉलिस, आय विल कम.”

पुढच्या शनिवारी गेलो तर ते हसेनात.

“डोरीननं तुझा गार चहा ओतून ठेवला होता,” ते म्हणाले. “बर्फ वितळला त्यातला.”

“कधी?”

“तू येतो म्हणून गेलास तेव्हा. आम्हाला वाटलं गाडीतून काही आणायला गेलास.”

 मग मी माझ्या मेहकरी इंग्रजीत समजावू लागलो, की आमच्यात जाताना जातो म्हणत नाहीत, अशुभ असतं, म्हणून येतो म्हणतात. त्यांनी कपाळाला आठ्या घालून ऐकून घेतलं.

“म्हणजे जाताना तुम्ही येतो म्हणता.”

“हो.”

“आणि खरंच येणार असाल तेव्हा?”

“तेव्हाही येतो.”

“मग समोरच्याला कळतं कसं?”

मी विचार केला. आजवर हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. “कळतं,” मी म्हणालो.

त्यांनी मांडीवर थाप मारली आणि इतके हसले की मांजर खुर्चीवरून उतरलं. “डोरीन, ऐकलंस? कळतं म्हणे!” त्या दिवसापासून मी निघताना ‘आय विल कम’ म्हटलं की ते एक डोळा मिटून विचारायचे, “तुमचं की आमचं?” मी म्हणायचो, “आमचं.” मग ते हात हलवायचे. वर्षानुवर्षं हेच. ईशा झाली, रांगली, त्या ओसरीवर कोंबड्यांच्या मागे धावली. तीसुद्धा गाडीत बसताना विचारू लागली, “डॅडी, अवर्स ऑर देअर्स?”

मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली त्यांची गाडी होती. पहिल्यांदा त्यांनी ती दाखवली तेव्हा उन्हाळा होता, पत्र्याखाली तापलेल्या रबराचा आणि जुन्या ऑइलचा वास कोंडला होता. तो वास घेताच मी एकदम मेहकर डेपोत उभा होतो. गाडी म्हणजे साधी जुनी कुटुंबाची गाडी, दोन्ही दारांवर नंबर रंगवलेला. स्टॉक कार म्हणजे तेच, दुकानात मिळते तशी गाडी. हल्लीच्या गाड्या तशा नसतात, पण त्यांच्या तरुणपणी खरोखरच लोक घरची गाडी घेऊन शर्यतीला यायचे. हेडलाइटच्या काचांवर चिकटपट्टी लावायची, दारं धावताना उघडू नयेत म्हणून कमरेच्या पट्ट्यानं आवळायची आणि सोडून द्यायची गाडी त्या तांबड्या मातीत. धूळ इतकी की बघायला आलेल्या बायका पांढऱ्या कपड्यांत यायच्या आणि विटकरी होऊन जायच्या. मिस डोरीन म्हणाल्या, “मी याच्यावर भाळले तेव्हा याचं तोंड मला दिसलंच नव्हतं. नुसते चष्म्याच्या जागेचे दोन पांढरे गोल.”

“आणि मग?” वैशालीनं विचारलं.

“मग यानं तोंड धुतलं. तोवर उशीर झाला होता.”

प्रत्येक नवा माणूस मिस्टर हॉलिसना एकच विचारायचा. डोंगरातून हातभट्टीची दारू पळवता पळवता गाडी शिकलात का? त्या काळचे कितीतरी ड्रायव्हर तसेच शिकले होते. ते मान हलवायचे. “अंडी. मी अंडी पोचवायचो. दारू सांडली तर थोडी सांडते. अंडी फुटली तर माझा बाप होता.” शर्यत रविवारी आणि सोमवारी त्याच गाडीतून अंडी न्यायची असत. त्यामुळे ते गाडी आपटायचे नाहीत, कुणाला घासायचे नाहीत, वळणावर पाय अलगद सोडायचे. लोक त्यांना अंडेवाला म्हणून चिडवायचे, कठड्यावरून अंड्यांची टरफलं फेकायचे. त्यांनी फार शर्यती जिंकल्या नाहीत. पण जवळजवळ प्रत्येक शर्यत पुरी केली आणि प्रत्येक गाडी चालवत घरी आणली. या मैदानावरची एकुलती एक मोठी शर्यत जिंकले तीही पुढचे सगळे एकमेकांवर आदळले म्हणून. धुरळ्यातून त्यांची गाडी एकटीच बाहेर आली, तेव्हा टरफलं फेकणारेच टोप्या उडवत होते. हे सांगताना त्यांचे डोळे भरून येत नसत, तर हसू फुटत असे. “मला वाटलं, मी चुकून शेवटचा आलो.”

माझे वडील ड्रायव्हर आहेत म्हटल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले. “काय चालवतात?”

“बस.”

“माणसं भरून?”

“भरून. वर टपावरसुद्धा बोचकी.”

“आणि कधी आपटली?”

“कधीच नाही. त्यांना त्याचा बिल्ला मिळालाय.”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, “त्यांना सांग, एका अंडेवाल्याचा नमस्कार.”

मी फोनवर सांगितलं. अप्पांना शर्यतीचं मुळीच समजेना.

“किती माणसं बसवतो तो गाडीत?”

“एकटाच, अप्पा.”

“एकटाच? मग एवढी घाई कशाची त्याला? बरं, जातो कुठं?”

“कुठंच नाही. गोल गोल फिरून पुन्हा तिथंच.”

“हात्तिच्या! म्हणजे मुक्कामीच की.” आणि पलीकडे आईला सांगताना त्यांचं हसणं मला ऐकू आलं. पण नंतर हलक्या आवाजात विचारलं, “गाडी मात्र जपली म्हणतोस ना त्यानं? मग आपलाच माणूस.”

अशा रीतीनं ते दोघं कधी न भेटता एकमेकांच्या ओळखीचे झाले. मी मधला निरोप्या. अप्पांच्या गोष्टी मी त्या ओसरीवर सांगायचो. एस.टी. फलाटाला लागायच्या आधीच लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, हे मिस्टर हॉलिसना फार आवडलं होतं.

“नुसता रुमाल?”

“नुसता रुमाल.”

“आणि कुणी उचलून फेकत नाही?”

“भांडण होतं. पण रुमालाचा मान ठेवतात.”

त्यांनी लगेच खिशातून आपला मोठा लाल छापील रुमाल काढला आणि मांजराच्या खुर्चीवर टाकला. मांजर त्यावर येऊन बसलं. “हे एस.टी.नं गेलेलं दिसत नाही,” ते म्हणाले.

एका दसऱ्याला मी कोपऱ्यावरच्या नर्सरीतून झेंडूच्या कुंड्या आणल्या. डेपोत दसऱ्याला सगळ्या गाड्या धुऊन रांगेत उभ्या असायच्या, बॉनेटवर झेंडूचे हार, काचेवर हळदी-कुंकवाची बोटं, ओल्या काँक्रीटवर फुटलेल्या नारळाचं पाणी. डिझेल आणि झेंडू एकत्र झाले की जो वास होतो तो जगात दुसरीकडे कुठे मिळत नाही, असं मला वाटायचं. तो त्या दिवशी शेडमध्ये मिळाला. वैशालीनं गाडीला हार घातला, मी चाकापुढे नारळ फोडला. मिस्टर हॉलिस टोपी काढून, चर्चमध्ये उभं राहावं तसे उभे होते. मिस डोरीननी खोबऱ्याचा तुकडा चघळत विचारलं, “हे आधी केलं असतं तर तू जास्त शर्यती जिंकला असतास का रे?” ते म्हणाले, “नाही. उलट टरफलं फेकणाऱ्यांच्या हाती नारळ आले असते. केलं नाही तेच बरं.”

झेंडूची सुकलेली फुलं त्यांनी काढली नाहीत. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती ताडपत्रीखाली होती.

मग सत्काराचं ठरलं. गावच्या लोकांनी त्या रानातून पायवाट केली होती, दगड बसवायचा होता, आणि त्या मैदानावर गाडी चालवलेल्यांपैकी ते एकटेच आता हिंडतेफिरते राहिले होते. रानाच्या तोंडाशी मांडव, खुर्च्या, शाळेचा बँड. मिस्टर हॉलिसनी ही बातमी मला कोंबड्यांना दाणे टाकता टाकता, माझ्याकडे न बघता सांगितली. मी अप्पांना फोनवर सांगितलं.

“ड्रायव्हरचा सत्कार?” ते म्हणाले. “गाडी नीट चालवली म्हणून?”

“हो.”

“मग तू रिकाम्या हातानं जाऊ नको.”

पुण्याहून येणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी शाल पाठवली. पिवळसर, बारीक काठांची, घडीत डांबराच्या गोळ्यांचा वास. अप्पा निवृत्त झाले तेव्हा डेपोनं त्यांच्या खांद्यावर घातलेली तीच शाल. त्या कार्यक्रमालाही मी नव्हतो. इकडेच होतो.

सत्काराच्या आधीच्या आठवड्यात अंडी घेऊन निघालो. “आय विल कम,” मी म्हणालो.

मिस्टर हॉलिसनी या वेळी डोळा मिटला नाही. “तुमचं की आमचं?”

“तुमचं,” मी म्हणालो. “या वेळी तुमचं.”

त्यांनी माझा हात हातात घेतला. तळवा खरखरीत होता, कोरडा, आणि उबदार. त्या अंड्यांसारखा.

त्या शनिवारी मी का गेलो नाही, याचं कारण एका वाक्यात सांगता येतं. ऑफिसात काम निघालं. शुक्रवारी संध्याकाळी आमचा मॅनेजर प्रशांत सगळ्यांच्या टेबलांपाशी फिरत म्हणाला, “उद्या या बे सगळे, क्लायंट बसणार आहे डोक्यावर.” आणि मी मान हलवली. बस, इतकंच. मला कुणी अडवलं नाही. मी विचारलंच नाही.

माझ्या आठवणीत ती सकाळ म्हणजे एका बंद खोलीतला मायक्रोवेव्हमधल्या पॉपकॉर्नचा वास, टेबलाच्या मधोमध ठेवलेला फोन आणि त्यातून येणारे दूरचे आवाज. माझं नाव दोनदा निघालं. दोन्ही वेळा प्रश्न दुसऱ्याच कुणी सोडवला. खिडकीबाहेर डॉगवुडची झाडं फुलांनी पांढरी झाली होती. गाडीत मागच्या हुकाला इस्त्रीचा शर्ट लटकत होता. शाल सीटवर होती. नारळ सीटवरून खाली घरंगळला होता.

दुपार कलली तेव्हा प्रशांतला मी सहज बोलल्यासारखं सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. “अबे, सांगायचं ना यार! तू नसतास तरी चाललं असतं.”

घरी जाताना प्रत्येक वळणावर तो नारळ गडगडत इकडून तिकडे गेला. डावीकडे वळलं की उजवीकडे, उजवीकडे वळलं की डावीकडे. मी वळणावर पाय अलगद सोडून बघितला. तरी गडगडलाच.

दारात वैशाली उभी होती. तिनं नारळ उचलून ओट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या वड्या केल्या. त्या वड्या डब्यात कितीतरी दिवस राहिल्या, कारण पहिली वडी उचलायला कुणी धजेना.

मी फोन केला. मिस्टर हॉलिस म्हणाले, “असू दे, सन. कार्यक्रम लांबलाच जरा. कंटाळला असतास.” बँडमधली मुलं कशी बेसूर वाजवत होती तेही सांगितलं. आवाज नेहमीसारखा होता. तो तसा नसता तर बरं झालं असतं.

अप्पांचा फोन आला. “मग? घातली का शाल?”

“कार्यक्रम फार छान झाला म्हणे, अप्पा.”

“म्हणे?”

मी आईची तब्येत विचारली.

“बरं,” ते म्हणाले. “ठेवतो.” त्यानंतर त्यांनी त्या शालीचं नाव कधी काढलं नाही.

मी पुन्हा अंडी आणायला जाऊ लागलो. मिस डोरीन चहा देत, मांजर खुर्ची सोडत नसे, कोंबड्या पायात येत. पण निघताना मी ‘आय विल कम’ म्हटलं की मिस्टर हॉलिस नुसती मान डोलवत. तुमचं की आमचं, हे त्यांनी पुन्हा कधीच विचारलं नाही. त्यात राग नव्हता. मला वाटतं, त्यांनी मला वाचवण्यासाठी तो प्रश्न बंद केला होता. आणि तेच मला सोसेना. शनिवारी कधी ईशाचा नाच असे, कधी मंडळाचा कार्यक्रम, कधी नुसताच पाऊस. आम्ही दुकानातली पांढरी अंडी खाऊ लागलो.

या वर्षी वसंतात, बऱ्याच महिन्यांनी त्या रस्त्यावर गेलो तर पाटी नव्हती. शेजारी टपालपेटी उघडत असलेल्या माणसानं सांगितलं, “हॉलिस फेब्रुवारीत गेला.” मी गाडी वळवली. ओसरीपर्यंत जायची हिंमत झाली नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही कायमचे परत चाललो आहोत. ऑफिसातली अर्धी टेबलं रिकामी झाली आहेत, त्यात माझंही. म्हणून आज सकाळी आधी इथे, या रानात आलो. दगडावरून हात फिरवला. मग गाडीत येऊन बसलो. शाल शेजारच्या सीटवर होती. आता मात्र मी सरळ त्या घराकडे निघालो.

मिस डोरीन ओसरीवर होत्या. खुर्च्या अजून तीनच. त्यांनी कपाळावर हाताचा आडोसा धरून उन्हातून बघितलं आणि म्हणाल्या, “अगदी वाळलास, हनी. बायको जेवू घालत नाही का?” मी पायरीवरच उभा राहिलो. 

“मिस डोरीन, त्या दिवशी मी आलो नाही.”

“नाही आलास,” त्या म्हणाल्या. त्यांनी ते खोडून काढलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मग त्या बोलू लागल्या, माझ्याकडे न बघता, अंगणाकडे बघत.

“पहिल्याच रांगेत बसवलं होतं आम्हाला. गर्दी व्हायला लागली तसा यानं काय केलं, खिशातला रुमाल काढला आणि शेजारच्या खुर्चीवर टाकला. मला म्हणतो, डोरीन, त्यांच्या बसमध्ये असंच करतात. आता ही जागा कुणी घेणार नाही. बँडमास्तरची बायको बसायला आली तर तिला म्हणाला, मॅडम, माफ करा, इथे माणूस यायचाय.” त्या हसल्या. “ती बिचारी बघतेय, खुर्चीवर नुसता रुमाल.”

“मग?”

“मग काय. झालं सगळं. टाळ्या झाल्या, दगड झाला. शेवटी शाळेची पोरं खुर्च्या गोळा करायला आली. तेव्हा तो म्हणाला, एवढी जरा राहू द्या रे.”

अंगणात एकही कोंबडी नव्हती. खुराड्याचं दार उघडं होतं आणि आत पालापाचोळा साठला होता.

मी शाल पुढे केली. ती कुणाची, कुणी पाठवली, हे सांगितलं. “आमच्यात ज्याचा मान करायचा त्याच्या खांद्यावर घालतात,” एवढंच म्हणालो. कारण खांदे कुठे होते?

मिस डोरीननी घडी उलगडली, काठावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेऊन वास घेतला. मग उठल्या. “चल.”

शेडमध्ये ऑक्टोबरचं ऊन फटींतून पट्ट्यापट्ट्यांनी आलं होतं. ताडपत्री ओढली तशी धूळ उठली. गाडीचं दार अजूनही त्या जुन्या पट्ट्यानं आवळलेलं. त्यांनी तो सोडला, दार उघडलं आणि मला आत बघायला लावलं. ड्रायव्हरच्या सीटची पाठ वरच्या बाजूला दोन ठिकाणी दबून चकचकीत झाली होती. “इथे असायचे,” त्या म्हणाल्या. “दोन्ही खांदे.”

मग त्यांनी ती शाल त्या पाठीवर घातली. माणसाला घालतात तशीच, दोन्ही बाजूंनी पुढे ओढून, नीट बसवून. माझ्या बापाच्या खांद्यावरून निघालेली शाल. जमिनीवर झेंडूची एक काळी पडलेली पाकळी होती, की ती दुसरंच काही होतं, मला खात्री नाही. डांबराच्या गोळ्यांचा वास ऑइलच्या वासात मिसळला. मी हात जोडले. मिस डोरीननीही माझ्याकडे बघून जोडले.

बाहेर आलो. मी पुढच्या आठवड्यात जाणार, हे मी त्यांना सांगितलं होतंच. त्या पायरीपर्यंत आल्या. मी गाडीचं दार उघडून उभा राहिलो आणि तो शब्द ओठांवर आला. सात वर्षं या अंगणातून निघताना म्हटलेला, त्याआधी आयुष्यभर प्रत्येक उंबऱ्यातून म्हटलेला. मिस डोरीन माझ्याकडे बघत होत्या. तो प्रश्न विचारणारं आता कुणी नव्हतं, आणि मला त्याचं उत्तर ठाऊक होतं. आमचं म्हणावं तर ते आता खोटं होतं. तुमचं म्हणायचा अधिकार मी कधीच गमावला होता.

“आय ॲम गोइंग, मिस डोरीन,” मी म्हणालो. आईनं पाटावर बसवलं होतं त्या सकाळनंतर पहिल्यांदा.

त्यांना ते साधंच वाक्य वाटलं. इंग्रजीत त्यात काही नाही. त्यांनी हसून हात हलवला आणि म्हणाल्या, “सावकाश चालव, सन.”

मी सावकाश चालवली.